मोजणारे आणि देणारे वेगळे करा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, नागपूर

विषय : सरकारी आकडेवारीवर विधिमंडळाला उत्तरदायी अशी स्वतंत्र देखरेख कायद्याने बसवण्याबाबत



दरवर्षी डिसेंबरात आपण नागपुरात येता. नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली गाडी बुटीबोरी ओलांडून पुढे आली की आमचे सिंदी (रेल्वे) लागते. सेलू तालुक्यातले नगरपालिकेचे आणि बाजार समितीचे हे गाव तान्ह्या पोळ्यामुळे विदर्भात बऱ्याच जणांना माहीत आहे. आपले अधिवेशन भरते तेव्हा इथे पऱ्हाटीच्या वेचण्या चालू असतात, तूर शेंगेवर असते आणि गरजेपोटी बहुतेकांचे सोयाबीन विकून झालेले असते. सभागृहात विदर्भातल्या नापिकीवर चर्चा होते, आकडे दिले जातात, खोडलेही जातात. आमच्या भागातल्या खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर करण्याची ठरलेली तारीख मात्र ३१ डिसेंबर आहे. तोवर आपण बहुधा परत गेलेले असता. ज्या आकड्यावर चर्चा व्हायची, तोच चर्चा आटोपल्यावर येतो आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत शिळा होतो.

पैसेवारी म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले याचा सरकारी अंदाज; तिला आमचे जुने कास्तकार अजूनही आणेवारीच म्हणतात. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि मग अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी ती येते. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते : जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात सवलत, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी. दहावीतल्या मुलीचे परीक्षा शुल्क भरायचे की नाही, हे गाव ४९ पैशांवर थांबले की ५१ वर गेले यावर ठरते. दुष्काळ जाहीर करताना २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेतले पाऊस, ओलावा आणि उपग्रहाचे निर्देशांक आता पुढे आले आहेत हे खरे. तरी गावपातळीवर लोकांच्या तोंडी पैसेवारीच असते, आणि ती लागल्याशिवाय कोणाचा जीव थाऱ्यावर येत नाही.

ही पैसेवारी काढते महसूल यंत्रणा. सवलत द्यावी लागते शासनाला. म्हणजे ज्याने द्यायचे त्यानेच मोजायचे. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. पुढचा मजकूर हेच वाक्य शेतात, तहसिलीत आणि आपल्या सभागृहात कसे खरे ठरते, ते सांगण्यासाठी आहे.

पीकविम्याचे घ्या. एक रुपयात विमा ही योजना बंद झाली. खरीप २०२५ पासून कास्तकार खरिपाच्या अन्नधान्याला व गळीतधान्याला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता भरतो. त्याच वेळी स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान ही भरपाईची वेगवेगळी दारे बंद झाली. एकच दार उरले, ते पीक कापणी प्रयोगाचे. महसूल मंडळाचे, म्हणजे गावांच्या गटाचे, सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले तर भरपाई, नाहीतर काही नाही. महसूल मंडळाच्या पातळीवर एका पिकाचे किमान १० प्रयोग घ्यायचे, असा दंडक आहे. दहा तुकडे आणि त्यांच्या आधारे मंडळातल्या सगळ्या वावरांचा निकाल.

हा प्रयोग आपल्यापैकी किती जणांनी जवळून पाहिला आहे, मला ठाऊक नाही. जे कागदावर लिहिले आहे ते फार शहाणपणाचे आहे. गाव, सर्व्हे नंबर आणि शेतातली जागा यादृच्छिक अंकांनी निवडायची, म्हणजे कोणाला मर्जीचे शेत निवडता येऊ नये. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, आलेल्या अंकाइतकी पावले आत जायचे आणि तिथे खुंट्या ठोकून दोरी ताणायची. दोरीच्या आतले सोयाबीन सोंगायचे, ताडपत्रीवर मळायचे, उफणायचे, तोलायचे. कृषी सहायक, सरपंच, विमा कंपनीचा माणूस आणि शेताचा मालक यांच्यासमोर वजन नोंदायचे. आता मोबाइल ॲपवर फोटो आणि अक्षांश-रेखांशही चढतात.

प्रत्यक्षात काय होते? सोयाबीन एकदम पिवळे पडते आणि आठ-दहा दिवसांत साऱ्या शिवाराची सोंगणी उरकते. एका कृषी सहायकाकडे पाच-सहा गावे, शिवाय पंचनामे, अनुदानाच्या याद्या आणि निवडणुकीचे काम. तो ज्या दिवशी येणार, त्याच्या आदल्या दिवशी आभाळ भरून येते आणि कास्तकार मजूर लावून मोकळा होतो. मग प्रयोगाला शेजारचे वावर शोधायचे. शेजारचे वावर म्हणजे बहुधा ज्याला थांबणे परवडते त्याचे, ओलिताचे, बरे पिकलेले. यात कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. पण निवडीतला यादृच्छिकपणा तिथेच संपला आणि आकडा वर सरकला. कापसाचे तर याहून अवघड. बोंडे एका दिवशी फुटत नाहीत. दोरीने आखलेल्या त्याच तुकड्यातली प्रत्येक वेचणी तोलली गेली तरच उत्पादन खरे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने पहिल्या वेचण्या होऊ दिल्या आणि मागची बोंडे आतून खाल्ली. अशा वर्षी शेवटच्या वेचणीला तोलणारा हजर होता की नाही, यावर आकड्याचा खरेखोटेपणा अवलंबून असतो.

या दोरीच्या लांबीवरून एके काळी देशात मोठा वाद झाला होता, आणि त्यात एक बाजू मराठी माणसाची होती. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांची. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगलेले दिसते, कारण कडेवरची झाडे आत धरली जातात. समोर दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते. दोघेही आपापले आकडे आणि पद्धत छापून मांडत राहिले आणि जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी ते तपासले. सरकारी आकड्यावर उघडपणे, पुराव्यानिशी भांडता येते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आज ती मोडली, कारण भांडायला कच्चा आकडाच हाती येत नाही. मंडळाची सरासरी कळते. ते दहा तुकडे कुठे होते, प्रत्येकात किती किलो निघाले, कोणता प्रयोग रद्द झाला आणि का, कंपनीने कोणत्या प्रयोगावर हरकत घेतली आणि तिचे काय झाले, हे कास्तकाराला दिसत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकून महिने मोजावे लागतात. माहिती संगणकात आहे, जागेच्या खुणेसकट आहे. मालकाचे नाव झाकून ती गावच्या चावडीवर आणि संकेतस्थळावर लावायला किती दिवस लागतील?

दुसरे टोक उंबरठा उत्पादनाचे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच निवडून त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीम स्तराने गुणायचे, ७० टक्के. आता उदाहरणापुरते आकडे घेऊ. चांगल्या वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल असेल तर उंबरठा ७ वर. यंदा ६ पिकले तर सातव्या हिश्शाइतकी भरपाई. पण मधली वर्षे पिवळ्या मोझॅकने, अतिवृष्टीने, अळीने खाल्ली आणि सरासरीच ८ वर आली, तर उंबरठा ५.६ होतो आणि तेच ६ क्विंटल आता ‘पुरेसे’ ठरतात. जो भाग लागोपाठ बुडतो त्याचे संरक्षण आपोआप पातळ होत जाते. हे गणित बेकायदा नाही, कोणी लपवलेलेही नाही. पण ते बरोबर आहे का, हे कंपनी आणि खाते यांच्याबाहेरच्या कोणी तरी तपासून जाहीर सांगायला नको का? क्षेत्र एकक धरून पीकविमा द्यावा ही कल्पना १९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी मांडली, आणि त्यांची अट अशी होती की ते क्षेत्र पिकाच्या दृष्टीने एकसारखे असावे. काळ्या कसदार जमिनीपासून मुरमाड बरडापर्यंत सगळे एका मंडळात कोंबले की ती अट उरत नाही. पावसाचेही तसेच. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर मंडळ अतिवृष्टीत. पर्जन्यमापक मंडळात एका जागी. ढग दुसऱ्या टोकाला फुटला तर तिथले वावर वाहून जाते आणि कागदावर रिमझिम राहते.

आता सर्वांत जड गोष्ट. शेतकरी आत्महत्येचे आपल्याकडे दोन हिशेब आहेत. एक पोलिसांच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. त्यात २०२२ साली महाराष्ट्रातले शेतकरी २,७०८ आणि शेतमजूर १,५४० आहेत, दोन्ही मिळून ४,२४८. दुसरा महसूल खात्याचा, जिल्ह्याजिल्ह्यातून विभागीय आयुक्तांकडे जाणारा. त्यात प्रत्येक मृत्यूपुढे पात्र किंवा अपात्र असा शिक्का पडतो. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते आणि पात्र ठरल्यास कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. ही रक्कम २००५ च्या शासन निर्णयातली आहे. ठेक्याने वावर करणारा, बापाच्या नावावरचे शेत कसणारा मुलगा, नवऱ्याच्या सातबाऱ्यावर आयुष्यभर निंदण-वेचणी करणारी बाई, यांचे मरण बऱ्याचदा या चाळणीतून खाली गळते. मदत देण्यासाठी काही निकष लागणार, हे मला मान्य आहे. पण मदतीचा निकष आणि मृत्यूची मोजणी या दोन गोष्टी एकाच फायलीत असल्यामुळे मोजणी निकषाइतकी आखडते. गुन्हे नोंद विभागानेही २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर असे वेगळे रकाने केले. एकट्या शेतकऱ्यांचा आकडा तेवढ्याने कमी दिसला आणि मागच्या वर्षांशी सरळ तुलना अवघड झाली. रकाने बदलायचे असतील तर काही वर्षे जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींनी आकडे छापावेत, एवढे साधे पथ्य पाळायला लावणारा कोणी तरी हवा.

ई-पीक पाहणीतही दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा हाच माणूस हरवतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपेरा खातेदाराने स्वतः मोबाइलवर नोंदवायचा असतो. कास्तकाराच्या हाती नोंद दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण खातेदार पुण्यात नोकरीला आणि वावर ठेक्याने दुसऱ्याकडे, अशी शेती आमच्या शिवारात भरपूर आहे. पेरणारा त्या नोंदीत येत नाही, आणि मालकाने नोंद केलीच नाही तर उभी पऱ्हाटी कागदावर पड जमीन ठरू शकते.

मोजणाऱ्यावर सरकारचाच ताबा, हे दिल्लीतही घडले आहे. रंगराजन आयोगाच्या शिफारशीनंतर राष्ट्रीय सांख्यिकी आयोग स्थापन झाला आणि जुलै २००६ पासून कामाला लागला. त्याला कायद्याचा आधार मात्र मिळाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्याचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले, कारण आयोगाने मान्य केलेला श्रमबल पाहणीचा अहवाल जाहीर होत नव्हता. तो आला ३१ मे २०१९ ला, लोकसभेची निवडणूक होऊन नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन झाल्यावर, आणि त्यात बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात २०१७-१८ ची उपभोग खर्चाची पाहणी रद्द केल्याचे सरकारने सांगितले. आयोगाकडे राजीनाम्यापलीकडे काही साधन नव्हते. २०२१ ची जनगणनाही झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. तोवर रेशनचा कोटा आणि नगरपालिकेचे प्रभाग २०११ च्या माणसांवर चालायचे.

आपल्यासमोर ब्रिटनचे उदाहरण आहे. तिथे २००७ च्या कायद्याने उभे राहिलेले सांख्यिकी प्राधिकरण मंत्र्याला नव्हे, संसदेला उत्तर देते. मंत्र्याने भाषणात आकडा वाकवला तर प्राधिकरण त्याला जाहीर पत्र लिहिते, आणि ते पत्र वृत्तपत्रांत छापून येते. विरोधकांनी वाकवला तर त्यांनाही तसेच पत्र जाते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. विदर्भाचा अनुशेष हा शब्द इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत आहे, कारण १९८३ साली नेमलेल्या, याच वि. म. दांडेकरांच्या समितीने तो मोजला आणि १९८४ च्या अहवालात जिल्हावार मांडला. सगळ्यांना तो पटला असे नाही, पण भांडण आकड्यावर आले आणि पाटबंधाऱ्यांचे, रस्त्यांचे, शाळांचे पैसे त्या आकड्याच्या आधारे मागता आले. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. जी संस्था आमच्या भागाचा हिशेब सभागृहापुढे ठेवण्यासाठी होती, तीच मुदतवाढीच्या भरवशावर होती. आणि त्याही मागे गेलो तर, आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी १९३८-३९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारसाठी शेकडो गावांची औद्योगिक पाहणी केली होती. आधी गावात जाऊन मोजायचे आणि मग धोरण आखायचे, हा क्रम त्यांनी घालून दिला.

म्हणून मागणी अशी. राज्याचा सांख्यिकी आयोग विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन करा. शासन निर्णयाने केलेली संस्था शासन निर्णयाने गुंडाळता येते. अध्यक्षाची निवड मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते आणि उच्च न्यायालयाचे प्रतिनिधी मिळून करोत. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे काम त्याने हिसकावून घेऊ नये. आर्थिक पाहणी आणि जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन हे संचालनालयच काढते आणि काढत राहावे. आयोगाने पद्धत तपासावी, आकडा कधी बाहेर येणार याचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावे आणि ते कोणत्याही खात्याला पुढे ढकलू देऊ नये. चूक सापडली तर दुरुस्ती, कारणासकट, मूळ आकड्याइतक्याच ठळकपणे छापावी.

पण सगळ्यांत आधी आयोगाने हात घालावा तो ज्यांच्यावरून माणसाला पैसे मिळतात किंवा नाकारले जातात त्या आकड्यांना : पैसेवारी, पीक कापणी, मंडळाचा पाऊस, आत्महत्येची मोजणी. राज्याचे सकल उत्पन्न थोडे वरखाली मोजले गेले तर अर्थतज्ज्ञ भांडतील आणि ते त्यांना जमते. सिंदी मंडळाचे सोयाबीन हेक्टरी अर्ध्या क्विंटलने चुकले तर भांडायला कोणी नाही. कापणी प्रयोगांपैकी ठरावीक हिस्सा आयोगाच्या माणसांनी, कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून, त्याच दिवशी त्याच शेतात स्वतंत्रपणे पुन्हा करावा आणि दोन्ही वजने शेजारी छापावीत. कापूस, सोयाबीन, धानाच्या उत्पादनात कापणीच्या आकड्याबरोबर उपग्रहाधारित तंत्रज्ञानाचे भारांकनही धरले जाते. उपग्रहाचे ते गणितही याच तपासणीखाली यावे. आकाशातून आले म्हणून ते आपोआप निःपक्षपाती होत नाही. आणि गावाला हरकत घेण्याचा हक्क द्या, मुदतीसह : ग्रामसभेने ठराव करून मागितले तर प्रयोगाचा कच्चा तक्ता सात दिवसांत मिळावा आणि हरकतीवर लेखी, कारणासहित उत्तर.

यात अधिकाऱ्यांवर अविश्वास आहे असे कोणी म्हणेल. मला उलटे दिसते. वजन काट्यावर असताना कृषी सहायकावर दोन्हीकडून दाब येतो. गावातली पुढारी मंडळी म्हणतात, थोडे कमी लिहा. कंपनीचा माणूस म्हणतो, हा प्रयोग नियमात बसत नाही, रद्द करा. वरून फोन येतो की शेजारच्या मंडळापेक्षा फार फरक दिसायला नको. त्या पोराच्या मागे कायदा उभा राहिला तर तो काट्यावर दिसले ते लिहील. गावाने कमी लिहायचा आग्रह धरला तर तोही तितकाच चूक आहे, कारण आज खोटा कमी लिहिलेला आकडा उद्याच्या सात वर्षांच्या सरासरीत बसतो आणि आमचाच उंबरठा खाली ओढतो. हे आमच्या लोकांना समजावून सांगायचे काम आमचे, ते आम्ही करू.

कायद्याला वेळ लागेल, हे कळते. या अधिवेशनात तीन गोष्टी मात्र करता येतील आणि त्यांना पैसा लागत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळाचे गेल्या पाच खरीप हंगामांतले प्रयोगवार कापणीचे आकडे सभागृहाच्या पटलावर मागा. पोलिसांची आणि महसूलची आत्महत्यांची मोजणी जिल्हावार शेजारी ठेवून फरकाचे स्पष्टीकरण मागा. आणि आपल्यापैकी कोणीही, सत्तेतला असो की विरोधातला, सांख्यिकी आयोगाचे अशासकीय विधेयक मांडा. ते पहिल्याच फेरीत मंजूर झाले नाही तरी कार्यवृत्तात येईल, आणि कोणी पाठिंबा दिला, कोणी नाही, हे आम्हाला वाचता येईल.

कळावे,

आपला,
एक कास्तकार
मु. पो. सिंदी (रेल्वे), ता. सेलू, जि. वर्धा